डॅन्यूबवरची लाकडी धनुष्यं

मोठ्या पुलाचं काम निघालं की 'पुलाला बळी लागतो' ही अफवा आजही कुठून तरी उठते. पूल कशाच्या जोरावर उभा राहतो हे माहीत नसलं, की भीतीला मोकळं रान मिळतं. म्हणून हा जोर नेमका कसला, ते एका जुन्या पुलावरून सांगतो.

अपोलोडोरस मूळचा दमास्कसचा, रोमन सम्राट ट्राजनचा वास्तुविशारद. रोममधला ट्राजनचा भव्य चौक त्याच्याच नावावर आहे. पण माझा जीव जडलाय तो त्याच्या डॅन्यूबवरच्या पुलावर. डेसियात, म्हणजे आजच्या रुमानियाच्या भागात, सैन्य आणि रसद नेण्यासाठी इ.स. 103 ते 105 मध्ये तो बांधला. लांबी 1,100 मीटरच्या वर. इतिहासकार कॅशियस डिओ लिहितो की, नदी वळवायला जागाच नव्हती. म्हणजे भोवरे आणि गाळ असलेल्या पात्रातच 20 दगडी खांब उभारायचे!

आता एक पत्त्याचं पान घ्या. दोन पुस्तकांमध्ये वाकवून धरा आणि वरून बोटानं दाबा. पुस्तकं बाहेर सरकतात. हाच कमानीचा आडवा रेटा. कमान जितकी चपटी, तितका रेटा जास्त: गाळा (म्हणजे दोन खांबांमधलं अंतर) आणि भार तेवढेच ठेवून उंची निम्मी केली, तर रेटा साधारण दुप्पट. (सूत्र हवं असेल तर: भार प्रति मीटर गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले उंचीची आठ पट.) इथे दोन खांबांमधलं अंतर सुमारे 38 मीटर. अर्धवर्तुळाकार कमान घेतली तर तिची उंचीच 19 मीटर होणार. म्हणून त्यानं चपटी कमान घेतली, आणि वाढलेला रेटा आवरायला ती दगडाऐवजी लाकडाची केली. भार कमी, त्यामुळे रेटाही कमी. शिवाय मधल्या प्रत्येक खांबावर डावी कमान उजवीकडे रेटते, उजवी डावीकडे; दोन्ही रेटे एकमेकांना खातात आणि खांबावर उरतो तो मुख्यतः खाली जाणारा भार. शिल्लक रेटा सोसायचा तो दोन टोकांनी.

हे मनचं सांगत नाही. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर हा पूल कोरलेला आहे, दगडी खांबांवरच्या लाकडी कमानींसकट.

ट्राजननंतर आलेल्या हेड्रियनला स्वतःलाच वास्तुकलेचा नाद. एकदा ट्राजन आणि अपोलोडोरस बोलत असताना तो मध्येच बोलला, तेव्हा अपोलोडोरसनं त्याला "जा, तुझे भोपळे काढत बस" असं सुनावल्याचं डिओ सांगतो. भोपळे म्हणजे बहुधा हेड्रियनचे फाकेदार घुमट. पुढे हेड्रियननं त्याला हद्दपार करून ठार मारलं, असंही तोच लिहितो. पण ते घडल्यावर शंभरेक वर्षांनी, त्यामुळे आजचे अभ्यासक त्यावर सहज विश्वास ठेवत नाहीत.

पुलाचा वरचा भाग मात्र हेड्रियननंच काढवला, शत्रू त्यावरून इकडे येईल म्हणून. लाकूडच ते, उतरवणं सोपं. खांब राहिले. 1906 मध्ये जहाजांना अडथळा होतो म्हणून त्यांतले दोन पाडावे लागले.