चाक हलकं करायचंय? आधी टायरवरचा आकडा वाचा

ठाण्यात उपवनच्या बाजूने येऊरचा चढ घेणाऱ्यांत किंवा सकाळी नवी मुंबईत पाम बीच रोडला दिसणाऱ्यांत बरेच जण चार-सहा वर्षं जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, चालवतात. नवी घेणं परवडत नाही, म्हणून निदान चाकं तरी हलकी करू, असं मनात येतं. दुकानात गेलं की प्रश्नांची सरबत्ती होते: साइज कुठली, क्यूआर की थ्रू ॲक्सल (चाक फ्रेमला कुठल्या दांड्याने धरलंय), फ्रीव्हील की कॅसेट (मागची गिअरची चक्रं कशी बसवलीत)? किंमत नंतर येते. आपली सायकल कुठल्या काळातली आहे, हे आधी ठरतं.

सुरुवात २६ इंचाची. १९३३ मध्ये शिकागोच्या श्विन कंपनीने मुलांच्या सायकलींना जाड बलून टायर बसवले, तेव्हापासून हे माप अमेरिकेत रुळलं. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरांनी त्याच जुन्या, अवजड सायकली डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. १९७६ पासून तिथे रीपॅक नावाची शर्यत होऊ लागली. उतारावर मागच्या हबमधला (चाकाच्या मधल्या तुंब्यातला) ब्रेक इतका तापायचा की ग्रीस जळून जायचं आणि दर वेळी नवं भरावं लागायचं, त्यावरून हे नाव पडलं. चाकांना स्टीलच्या रिमा होत्या. ॲल्युमिनियमच्या २६ इंची रिमा आल्यावरच सायकलचं वजन खरं उतरलं, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर ही एमटीबी आल्यावर हे माप कारखान्यात पक्कं झालं. आपल्याकडे गिअरच्या एमटीबी आल्या त्या याच मापाच्या.

पुढे २९ आलं, मग त्या दोहोंच्या मधलं २७.५. मोठ्या कंपन्यांच्या महागड्या सायकलींतून २६ जवळपास हद्दपार झालं. इंचांचं नाव फसवं असतं, म्हणून टायरच्या कडेला ५४-५५९ असं काही छापलेलं असतं ते वाचावं. मागचे तीन अंक म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला मिलिमीटरमधला व्यास: २६ साठी ५५९, २७.५ साठी ५८४, २९ साठी ६२२. २६ वाल्याला हलकी, चांगली रिम मिळणं दरवर्षी अवघड होत चाललंय. मिळाली तर भाव करत बसू नये.

ब्रेकचंही तसंच. रबराचे गुटके रिमला घासतात तोवर रिमच्या भिंती जाड ठेवाव्याच लागतात. हबवरच्या चकतीला धरणारे डिस्क ब्रेक आले, रिमवरचं ते काम गेलं आणि रिमा हलक्या करता आल्या. पण व्ही-ब्रेकवाल्याला, म्हणजे रिमला घासणारे ब्रेक असणाऱ्याला, त्याचा फायदा नाही, डिस्कच्या रिमला घासायला पट्टीच नसते.

सगळ्यात मोठा खर्च लपलेला असतो मागच्या हबमध्ये. स्वस्त एमटीबीवर अजूनही आटे फिरवून बसवायची फ्रीव्हील असते. त्या रचनेत उजवीकडचे छर्रे फ्रेमपासून बरेच आत राहतात, ॲक्सलचा बराच भाग आधाराशिवाय उरतो, आणि खड्ड्यांत तो वाकतो. घोडबंदर रोडवर पावसाळ्यात चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. शिमानो कंपनीने १९७८ मध्ये फ्रीहब (ज्यावर कॅसेट सरकवून बसते असा हब) आणून छर्रे बाहेरच्या टोकाला नेले. आज मिळणारी बहुतेक हलकी चाकं फ्रीहबचीच असतात, म्हणजे चाकाबरोबर कॅसेटही घ्यावी लागते. सात गिअर असतील तर आठ-नऊ गिअरच्या फ्रीहबवर ४.५ मिमीचा स्पेसर (जागा भरणारी कडी) टाकून सात गिअरची कॅसेट बसते, हँडलवरचा गिअर बदलायचा शिफ्टर बदलावा लागत नाही. मागचं चाक बसतं तिथलं फ्रेममधलं अंतरही मोजा: जुन्या क्यूआरचं १३५, थ्रू ॲक्सलचं १४२, आणि २०१४ नंतर आलेल्या बूस्ट या रुंद मापाचं १४८ मिमी. हे न मोजता ऑनलाइन स्वस्त जोडी मागवणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता वजनाबद्दल. चाकाच्या कडेचं वजन वेग घेताना दुप्पट भारी पडतं, हे खरं आहे. पण येऊरच्या चढावर एका लयीत चढताना ते पाण्याच्या बाटलीतल्या वजनाइतकंच मोजलं जातं. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो धरा, चाकांतून ४०० ग्रॅम काढले तर फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत. त्यामुळे तंग बजेटमध्ये माझं मत सरळ आहे: आधी टायर. कडेत तार असलेल्या टायरऐवजी घडी होणारा टायर घेतला की वजन कडेवरूनच जातं आणि हब, कॅसेट, फ्रेम कशालाही हात लावावा लागत नाही. रिम टेप लावून ट्यूबलेस (ट्यूबशिवायचा टायर) जमत असेल तर ट्यूबचंही वजन जातं, थोडं सीलंटच्या (भोकं बुजवणाऱ्या द्रवाच्या) रूपाने परत येतं एवढंच. त्यानंतरही पैसे उरले तर एकेरी भिंतीच्या रिमच्या जागी ३२ स्पोकची दुहेरी भिंतीची रिम, साध्या छर्ऱ्यांच्या शिमानो हबवर. मधोमध बारीक केलेले स्पोक जोडीमागे साठेक ग्रॅम वाचवतात, पण त्यांचा आउट (चाकाचा वाकडेपणा) काढणारा हात चांगला हवा. आणि छर्रे मात्र पावसाळा संपला की उघडून ग्रीस बदलून घ्यायचे.