बाहीत चढणारी ओंबी आणि जुनी हॅट

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका भंगारवाल्याकडे मी पितळी स्टोव्हचा बर्नर शोधत होतो. बर्नर मिळाला नाही, पण स्टोव्हखाली चेपलेली एक तपकिरी हॅट मिळाली. "शंभर द्या आणि न्या, कापड लई भारी आहे," तो म्हणाला. शंभर दिले. घरी येऊन भिंगातून बघितलं, तर ते कापड नव्हतंच. उभा धागा नाही, आडवा धागा नाही, शिवण नाही, वीण नाही. माथ्यापासून काठापर्यंत एकच सलग पापुद्रा, आणि वजन फक्त ९५ ग्रॅम.

जुन्या हॅट जमवणारे बहुतेक जण आधी आत डोकावून कंपनीचं नाव शोधतात. इटलीतल्या अलेस्सांद्रियाचं बोर्सालिनो (स्थापना १८५७), फिलाडेल्फियाचं स्टेटसन (१८६५), लंडनचं ख्रिस्टीज (१७७३). नाव दिसलं की भाव चढतो. माझ्या हॅटच्या अस्तरावरचा छाप कुणाच्या तरी घामानं पार पुसून गेला होता. आधी हिरमुसलो. मग वाटलं, बरंच झालं. नाव वाचायला मिळालं नाही म्हणून मी केस वाचायला लागलो, आणि खरी माहिती तिथेच असते.

ही वस्तू म्हणजे फेल्ट. केसांत केस अडकवून, दाबून केलेला थर. ना गोंद, ना दोरा. मग हे केस एकमेकांना धरून कसे राहतात?

गव्हाच्या रानात हा खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळलेला असेल. ओंबी देठाच्या बाजूनं शर्टाच्या बाहीत सारायची आणि हात हलवत चालायचं. घर येईपर्यंत ओंबी काखेत पोचलेली असते. तिला वर कुणी ढकललेलं नसतं. कुसळांवरचे बारीक दाते सगळे एकाच बाजूला वळलेले असतात, त्यामुळे ओंबी देठाकडून पुढे सहज सरकते आणि मागे यायला गेली की अडते. हात पुढे हलवा नाहीतर मागे, तिचा प्रवास एकाच दिशेनं.

लोकरीचा प्रत्येक केस म्हणजे अशीच एक ओंबी. त्याच्यावर छपरावरच्या कौलांसारखे खवले असतात आणि त्यांच्या मोकळ्या कडा केसाच्या टोकाकडे वळलेल्या असतात. म्हणून केस मुळाच्या बाजूनं सरकतो, टोकाच्या बाजूनं अडतो. आता त्याला गरम पाणी द्या. केस ज्या केराटिन प्रथिनाचा बनलेला असतो, त्यातले हायड्रोजनचे हलके बंध पाण्यात आणि उष्णतेत सैल होतात आणि केस लवचिक होतो. अशा वेळी तो ढीग चोळला, दाबला, तुडवला की एकेक केस मुळाकडून पुढे घुसत जातो, शेजाऱ्यांत गुंततो, आणि परतीची वाट बंद असते. लोकरी स्वेटर गरम पाण्यातून काढला की धाकट्या भावाच्या मापाचा होतो, त्यामागे हेच कारण. तो ओढून ताणून पूर्ववत होत नाही, हेही घरोघरी ठाऊक आहे.

फेल्ट हा साहेबानं आणलेला प्रकार, असं कुणाला वाटत असेल तर आपला बुरणूस आठवावा. घोंगडं मागावर विणतात. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं पिवळी झालेली घोंगडी आपण बघतो, ती विणलेलीच. बुरणूस मात्र विणत नाहीत. लोकर पिंजून पसरायची, पाणी शिंपडायचं, गुंडाळी करायची आणि दाबून, लोळवून, रेटून तिचा थर जमवायचा. गंमत पुढे आहे. पिंजाऱ्याची ती कमान, जिची तात टणटण वाजत कापूस उडवते, तशीच कमान युरोपातल्या हॅटवाल्यांकडे होती. छताला टांगलेली. तात छेडली की केस मोकळे होऊन उडायचे आणि हलका, सारखा थर खाली बसायचा. पुढे यंत्र आलं. त्यात भोकं पाडलेला तांब्याचा शंकू हवा आत ओढून घेतो आणि केस त्याच्यावर बसतात. हा पहिला शंकू तयार हॅटच्या दुपटी-तिपटीएवढा मोठा आणि फुंकर मारली तर उडेल असा असतो. त्याला गरम पाण्यात आटवत आटवत डोक्याच्या मापाला आणायचं आणि मग लाकडी ठोकळ्यावर चढवून आकार द्यायचा.

मग आपल्या धनगरांच्या मेंढीच्या लोकरीची अशी हॅट का होत नाही? केसाच्या जाडीमुळे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मेरिनो मेंढीची लोकर २० च्या आसपास, तर सशाच्या अंगालगतची लव त्याहून बारीक. दख्खनी मेंढीची लोकर राठ. राठ केस वाकायला नाखूष, म्हणून थर जाड, जड आणि जरा विरळ होतो. पावसात अंगावर घ्यायला तो उत्तम, पण ९५ ग्रॅमचा पापुद्रा त्याचा होणार नाही.

बारीक लव म्हटली की जुन्या काळी पहिलं नाव बीव्हरचं. त्या पाण्यातल्या प्राण्याच्या राठ केसांखाली दाट लव असते आणि तिला निसर्गतःच चांगले काटे असतात. हॅटांपायी युरोपातले बीव्हर इतके मारले गेले की व्यापाऱ्यांना उत्तर अमेरिका गाठावी लागली. १६७० साली स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी याच कातड्यांवर मोठी झाली.

ससा स्वस्त होता, पण त्याची लव गुळगुळीत. ती एकमेकांत नीट गुंतत नाही. यावर उपाय निघाला तो भयंकर. कातडीवर पाऱ्याचं नायट्रेट, म्हणजे पारा विरघळवलेलं नायट्रिक आम्ल, ब्रशनं फासायचं. केराटिनच्या साखळ्यांना जोडणारे गंधकाचे मजबूत पूल असतात, ते या आम्लात तुटतात. केस खरबरीत होतो, टोकाशी कुरळतो आणि मग भराभर गुंततो. वाळल्यावर केसांची टोकं नारिंगी होत, म्हणून या कामाला 'कॅरटिंग' म्हणत. नाव गाजराचं, काम विषाचं. पुढे वाफेनं भरलेल्या बंद खोलीत कारागीर ही फेल्ट आटवत बसले की पाऱ्याची वाफ छातीत जायची. हात थरथरायचे, विसरभोळेपणा यायचा, चिडचिड वाढायची, चारचौघांत जायला माणूस बुजायचा. अमेरिकेतलं डॅनबरी हे हॅटांचं गाव. तिथल्या लोकांनी या थरथरीला गावाचंच नाव देऊन टाकलं होतं. अमेरिकेत हॅटसाठी पारा वापरणं १९४१ च्या अखेरीस बंद झालं. तोवर कित्येक पिढ्यांचे हात थरथरून झाले होते.

तो पारा हॅटमधून पूर्ण जात नाही. संग्रहालयांतल्या जुन्या हॅट क्ष-किरणांनी तपासल्या, तेव्हा अनेकांत तो अजून सापडला. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: दुसऱ्या महायुद्धाआधीची फर-फेल्ट, म्हणजे प्राण्यांच्या लवेची हॅट हातमोजे घालून हाताळावी, नंतर हात धुवावेत, आणि चेपलेला माथा उठवायला तिला किटलीच्या वाफेवर धरू नये. जुन्या हॅटचे शौकीन हा वाफेचा सल्ला सर्रास देतात. नव्या हॅटला तो लागू. जुनीला नाही, मग तिचा चेपलेला माथा तसाच राहिला तरी चालेल.

आता काठाकडे. काठ ताठ, माथा मऊ, आणि केस तर दोन्हीकडे तेच. उत्तर आपल्या गुजरीत, सराफांच्या पेठेत सापडतं. कोल्हापुरी साजाचे पोकळ मणी आतून लाखेनं भरलेले असतात, म्हणून पातळ सोनं चेपत नाही. हॅटवाले तीच लाख, शुद्ध करून स्पिरिटमध्ये विरघळवून, फेल्टला पाजतात. काठाला जास्त, माथ्याला कमी. पळस, बोर, कुसुम या झाडांवरचा एक किडा ती लाख तयार करतो आणि आजही देशात सर्वांत जास्त लाख झारखंडात होते. घोंगडं ताठ करायला आपण चिंचोक्याची खळ देतो. ती पाण्यात सुटते, लाख सुटत नाही. पावसात भिजणाऱ्या हॅटला ही गोष्ट महत्त्वाची.

आमच्याकडे सर्वांत जास्त लोकांनी पाहिलेली फेल्ट हॅट तालमींच्या फलकावर असते: भगतसिंगांची. दिल्लीत एप्रिल १९२९ मध्ये काढलेला तो फोटो. त्या हॅटचा काठ पुन्हा एकदा नीट बघा. कापडाच्या टोपीला तशी डौलदार वळी पडत नाही.

माझ्या हॅटकडे परत येतो. घामाचा चामडी पट्टा हलकेच उलटला तर मागं एक कागदी चिठ्ठी सापडली, त्यावर आकडा: ७. आतला घेर मोजला तर ५७ सेंटिमीटर. हॅटचं माप म्हणजे घेर भागिले पाय (गणितातला π, ३.१४), इंचांत. डोकं लांबट असलं तरी हिशेब गोलाचा धरतात. ५७ ला ३.१४ नं भागलं की १८.१५ सेंटिमीटर, म्हणजे ७.१५ इंच. अमेरिकन पद्धतीनं चिठ्ठीवर सव्वासाताच्या थोडं अलीकडे, सात पूर्णांक एक अष्टमांश असायला हवं होतं. इंग्रजी मापं मात्र अमेरिकन मापांपेक्षा एक अष्टमांश कमी असतात. म्हणजे छाप पुसला गेला तरी हॅट कुठल्या मापावर बेतली, ते आकड्यानं सांगितलं.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात मात्र ही सगळी विद्या एका किड्यापुढे हरते. कपड्यांच्या कसरीचा पतंग निरुपद्रवी, खातं ते तिचं पिल्लू. केराटिन पचवणं फार थोड्या जिवांना जमतं. या अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो आणि तो गंधकाचे तेच मजबूत पूल तोडतो, जे तोडायला माणसाला पारा लागला. संग्रहालयवाले हॅट हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांखाली आठवडा-दोन आठवडे ठेवतात. पाऱ्याची शंका असलेली वस्तू अन्नाच्या फ्रीजमध्ये घालू नये, म्हणून तपकिरी हॅट मी बाहेरच ठेवली आणि माझी दुसरी, नव्या जमान्यातली लोकरीची हॅट पिशवीत बांधून बर्फाच्या कप्प्यात सरकवली. तिसऱ्या दिवशी आईनं मटार काढायला कप्पा उघडला.

"अरे," आतून आवाज आला, "ह्याचा रस्सा करायचा की सुकं?"