कामावर घरचा माणूस गेला, तर कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी

रामकुंडावर दशक्रिया उरकते आणि दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस दारात. हातात पाचशेचा स्टॅम्प, सोबत दोन लाखांचा चेक. ‘साहेबांनी माणुसकी म्हणून दिलेत, वहिनी. इथे सही करा.’ खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की यापुढे आमची कसलीही मागणी नाही.

सही करू नका. केली असेल तरी घाबरू नका. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने भरपाई कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडे जमा करायची असते. परस्पर हातात दिलेले पैसे कायदा भरपाई मानत नाही, फार तर तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल त्यातून वळती होऊ शकते.

दोन लाख कमी की जास्त, हे हिशेबावरून कळतं. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात निम्मा पगार गुणिले वयाचा गुणांक (वयानुसार कायद्यातच ठरवून दिलेला आकडा), अशी रीत आहे. समजा, अंबडच्या कारखान्यातला चाळिशीचा ऑपरेटर, पगार 22,000. हिशेबात पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात, म्हणून निम्मे 7,500. चाळिसाव्या वर्षाचा गुणांक 184.17. रक्कम होते 13,81,275 रुपये. महिन्याभरात जमा केली नाही तर वर्षाला 12 टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर दंडही.

अपघाताची तारीख नीट पाहा. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. त्यानंतरच्या अपघाताचा दावा संहितेखाली जातो. निम्मा पगार आणि गुणांक ही रीत तीच आहे, पण घर ते कंपनी येता-जाताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, त्यात येतो. दावा दोन वर्षांत करायचा.

‘त्यानं हेल्मेट घातलं नव्हतं, चूक त्याचीच’ हे वाक्य असे दावे चालवताना आम्ही दर दुसऱ्या प्रकरणात ऐकतो. जखमेच्या दाव्यात ते चालेलही, मृत्यूच्या दाव्यात या कारणाने भरपाई टाळता येत नाही.

पगार 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर रस्ता वेगळा. मग मालकाकडून भरपाई नाही, ईएसआयकडून दरमहा पेन्शन. पूर्ण दर पगाराच्या 90 टक्क्यांचा. त्यातले तीन पंचमांश पत्नीला, दोन पंचमांश प्रत्येक मुलाला, मात्र एकूण रक्कम पूर्ण दराच्या वर जात नाही.

पीएफ, त्याचा विमा (कमाल 7 लाख) आणि विधवा पेन्शन यांचा भरपाईशी संबंध नाही, ते वेगळं मागायचं. ग्रॅच्युइटीही. तिथे पाच वर्षांची अट मृत्यूच्या वेळी लागत नाही, हे कंपन्या सहसा आपणहून सांगत नाहीत. ड्युटीवर असताना रस्त्यावर गाडीने उडवलं असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा नुकसानभरपाई, दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. त्यामुळे घाईत अर्ज टाकू नका.

घरातली एक नाजूक गोष्ट. सासूबाई विधवा असतील तर त्याही हक्कदार असतात. वाटणी आयुक्त ठरवतात, भावकी नाही. कामावर पत्नीचा मृत्यू झाला असेल तर 1923 च्या कायद्यात पतीला तिच्या कमाईवर थोडातरी अवलंबून होतो, हे दाखवावं लागतं.

ठेकेदाराकडे काम होतं म्हणून ‘तो आमचा नव्हे’ असं मोठी कंपनी म्हणते. गेल्या पावसाळ्यात एक ताई दुधाच्या पिशवीत कागद गुंडाळून आल्या. पगारपत्रक नाही, नेमणूकपत्र नाही. तळाशी एक चुरगळलेला गेटपास निघाला, त्यावर मूळ कंपनीचा शिक्का. ठेकेदाराच्या कामगाराची जबाबदारी मूळ कंपनीवरही येते, आणि त्या प्रकरणात आमचं सगळं काम त्या चिठोऱ्यावर उभं राहिलं.

म्हणून आमच्याकडे येताना एफआयआर, पोस्टमॉर्टेमचा अहवाल, आधार, बँक पासबुक तर आणाच, पण गेटपास, कॅन्टीनचं कुपन, कंपनीच्या बसचा पासही आणा. गेलेल्या माणसाचा मोबाइल मुलांना खेळायला देऊ नका, फॉरमॅट तर अजिबात करू नका. सुपरवायझरने शिफ्टला बोलावल्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज त्यातच असतो.