लेथवर फक्त गोलच कापता येतं? नाही!

‘लेथवर अक्षाभोवती सगळीकडे सारखाच आकार निघतो, चष्म्याची सिलिंडर नंबरची (एका दिशेला जास्त, तिच्या काटकोनात कमी वक्र असलेली) काच तिथे होणार नाही,’ हे वर्कशॉपमध्ये अजून ऐकू येतं. पूर्ण फेरीभर टूल जागचं हलत नसेल तरच हे खरं. फास्ट टूल सर्व्हो, म्हणजे टूल झपाट्याने हलवणारी यंत्रणा, स्पिंडलचा (काच फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन एन्कोडर या कोन मोजणाऱ्या सेन्सरवरून वाचतो आणि फेरी चालू असतानाच हिऱ्याचं टोक मागेपुढे करतो.

हिशेबच बघा. १.५ अपवर्तनांकाचं, ६० मिमी व्यासाचं प्लास्टिक, सिलिंडर २ डायॉप्टर. कडेला दोन मुख्य दिशांच्या खोलीत सुमारे १.८ मिमी फरक पडतो, आणि टूलला एका फेरीत दोनदा आतबाहेर जावं लागतं. ६०० आरपीएमला सेकंदाला २० वेळा! एवढं अंतर पिझोच्या (विजेच्या दाबाने किंचित लांबणाऱ्या स्फटिकाच्या) आवाक्यातलं नाही. इथे व्हॉइस कॉइल (स्पीकरसारखी चुंबकातली कॉइल) किंवा सरळ रेषेत चालणारी लिनिअर मोटरच हवी. वेग दुप्पट केला की त्वरण चौपट होतं. मग टूल आज्ञेच्या मागे पडतं आणि तयार काचेतला सिलिंडरचा अक्ष काही अंशांनी फिरलेला निघतो.

कडेला कापण्याच्या दिशेत उतार ३.४ अंशांपर्यंत जातो. क्लिअरन्स कोन (टूलची मागची बाजू आणि कापलेला पृष्ठभाग यांच्यातला कोन) त्याहून मोठा नसेल तर टूलची टाच, म्हणजे धारेमागचा भाग, घासते. मधोमध बारीक टेंगूळ राहिलं तर आधी टूलची उंची तपासा.