हरवलेले तारायान

विज्ञानकथेतील एक संकल्पना. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे निघालेले आणि मूळ जगाशी संपर्क तुटलेले यान, असा तिचा ढोबळ अर्थ. ‘नक्षत्रयान’ असाही शब्द सुचतो. परंतु नक्षत्र म्हटले की आपल्याकडे अश्विनी-भरणीच आठवतात, म्हणून येथे ‘तारायान’ पत्करले आहे.

उगमाबाबत दोन मते मांडता येतात. पहिले समुद्रकथांकडे बोट दाखवते. न्यूयॉर्कहून जेनोआला निघालेले ‘मेरी सेलेस्ट’ हे गलबत डिसेंबर १८७२ मध्ये अझोर्स बेटांच्या पूर्वेस निर्मनुष्य आढळले. मद्यार्काची पिंपे बहुतेक जागच्या जागी होती, होडी तेवढी नव्हती. कप्तान, त्याची पत्नी व लहान मुलगी धरून दहा जणांचा पुढे कधीच थांग लागला नाही. ओसाड यानात पाऊल टाकणाऱ्यांची वर्णने या परंपरेतली दिसतात. दुसरे मत सापेक्षता सिद्धांताकडे जाते. पॉल लांजव्हँ या फ्रेंच भौतिकीविदाने १९११ मध्ये प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाऊन परतणारा प्रवासी कल्पिला : त्याची दोन वर्षे सरतात, तोवर पृथ्वीवर दोनशे उलटलेली असतात. हे मत अधिक ग्राह्य वाटते. गलबत हरवले तरी त्यावरची आणि बंदरातली वर्षे सारखीच सरतात. तारायानाचे तसे नाही.

भागवताच्या नवव्या स्कंधातील ककुद्मी राजाचा दाखलाही हटकून दिला जातो. कन्या रेवतीसाठी वर विचारायला तो ब्रह्मलोकी गेला, थोडा थांबला, तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटली. साम्य लोभस आहे, पण तेथे ना वेगाचा प्रश्न ना निरोपाचा. उगम म्हणून ते धरता येत नाही.

यान ‘हरवले’ असे नेमके कधी म्हणावे, ही यातली खरी अडचण. कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात किरणोत्सवाच्या संध्याकाळी मावळतीचे किरण महाद्वारातून गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरठा ओलांडत गाभाऱ्यात जातात. ‘कमरेपर्यंत आली’ म्हणून गर्दीत कुजबुज होते, तेव्हा दिसणारा तो प्रकाश सूर्यापासून सुमारे सव्वाआठ मिनिटांपूर्वी निघालेला असतो. प्रॉक्झिमा हा सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने गेलेले यान तेथून लगेच वळले, तर पृथ्वीवरच्या हिशेबाने ८.५७ वर्षांनी परत येईल. यानातल्यांचे मात्र साडेचौदा महिनेच जातील. तेथे पोचल्याचा संदेश पृथ्वीवर ८.५२ वर्षांनी येईल, म्हणजे खुद्द यानाच्या जेमतेम पंधरा-सोळा दिवस आधी. तोवर वाट पाहणाऱ्याला सुखरूप यान आणि प्रॉक्झिमाशी नष्ट झालेले यान यांत फरक करता येत नाही.

मंद वेगाच्या यानांसाठी ‘पिढ्यायान’ कल्पिले गेले. त्यात निघणारे वेगळे, पोचणारे वेगळे. त्याचे श्रेय रशियन अग्निबाणतज्ज्ञ कॉन्स्तांतिन त्सिओल्कोव्हस्की (१९२८) व ब्रिटनमधील वैज्ञानिक जे. डी. बर्नाल (१९२९) यांना दिले जाते. अमेरिकी अग्निबाणतज्ज्ञ रॉबर्ट गॉडर्ड यांचे १९१८ चे टिपण आधीचे खरे, पण ते दीर्घकाळ अप्रकाशित राहिले, त्यामुळे त्याचा प्रभाव मानणे अवघड. ‘व्हॉयेजर-१’ या अमेरिकी अवकाशयानाच्या सेकंदाला सुमारे १७ किमी. या वेगाने प्रॉक्झिमाएवढे अंतर कापायला पाऊण लाख वर्षे लागतील. एवढ्या पिढ्यांत यान हरवत नाही, यानातल्यांनाच आपण यानात असल्याचा विसर पडतो, अशी कल्पना कथाकार करतात.

प्रत्यक्षात तारायान अद्याप बनलेले नाही. जवळचे उदाहरण भारतीय आहे : ऑगस्ट २००९ मध्ये ‘चांद्रयान-१’ शी संपर्क तुटला, रडारच्या साहाय्याने ते चंद्राभोवतीच फिरताना आढळल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले.

मराठीत ही संकल्पना मुख्यतः विज्ञानकथेच्या स्पर्धा-नियतकालिकांतून रुजली असावी. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत पहिली आली. कृष्णविवराजवळच्या प्रबळ गुरुत्वाकर्षणातही घड्याळ मंदावते, म्हणजे काळात मागे पडायला यानाला अचाट वेगच हवा असे नाही. स्पर्धेसाठी त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले होते. स्वतःची आद्याक्षरे उलटी लावून.