पाठीवरच्या सगळ्याच पुळ्या मुरमं नसतात

पाठीवर पुळ्या उठल्या की बहुतेकजण चेहऱ्याची ट्यूब तिथेही फासून मोकळे होतात. गुण आला नाही की 'अंगात उष्णता आहे' म्हणत सब्जा प्यायला लागतात. त्या पुळ्या नेमक्या कशाच्या आहेत, हे मात्र क्वचितच कोणी बघतं.

खरं मुरूम केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीपाशी तयार होतं. चेहरा, छाती, खांदे आणि पाठीचा वरचा भाग इथे या ग्रंथी मोठ्या आणि दाट असतात. तळहात-तळपायांवर त्या नसतातच, म्हणून तिथे मुरूम येत नाही. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांमुळे तेल वाढतं, मृत पेशींचं बूच छिद्रात बसतं आणि आतल्या बिनहवेच्या जागेत 'क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस' हा जिवाणू फोफावतो. बूच वर उघडं राहिलं तर ब्लॅकहेड होतो. त्याचा काळेपणा मळाचा नसून मेलॅनिनचा आणि हवेशी संयोग झालेल्या तेलाचा असतो. त्यामुळे लूफाने पाठ खसाखसा घासून तो जात नाही, उलट दाह वाढतो. जड सॅक आणि घट्ट पट्ट्यांच्या घर्षणानेही तेच होतं.

आता दुसरी शक्यता. सगळ्या पुळ्या एकसारख्या बारीक आहेत, ब्लॅकहेड एकही नाही आणि घाम आला की खाज सुटते, असं असेल तर संशय मलेसेझिया या बुरशीवर घ्यावा. ती प्रत्येकाच्याच कातडीवर राहते. कोंडा आणि शिबं यांच्यामागेही तीच असते. त्वचेवरचं तेल हे तिचं खाद्य, आणि मुंबई-कोकणातल्यासारखी दमट हवा तिला मानवते. मुरूम समजून अँटिबायोटिकचा कोर्स केला तर तिच्याशी स्पर्धा करणारे जिवाणू मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. तिला लागू पडतं ते केटोकोनॅझोल. त्याचा शाम्पू पाठीला लावून काही मिनिटांनी धुतात, आणि जुनाट त्रासात डॉक्टर पोटातून बुरशीविरोधी गोळ्या देतात.

तिसरा प्रकार आपणच ओढवून घेतो. खाजेवर मेडिकलमधून आणलेल्या 'थ्री इन वन' मलमात बहुधा तीव्र स्टिरॉइड असतं. सुरुवातीला झटकन आराम पडतो, पण वापर लांबला की त्यानेच एकसारख्या पुळ्या उठतात. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती काउंटरवर सहज मिळतात, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. व्यायामशाळेतल्या 'बॉडी बनवायच्या' इंजेक्शनांनीही पाठ भरते.

मुरूमच असेल तर सौम्य ते मध्यम त्रासात बेंझॉइल पेरॉक्साइड हे भरवशाचं औषध आहे. त्यातून ऑक्सिजन सुटतो, जो या जिवाणूला सोसत नाही. शिवाय अँटिबायोटिकसारखा त्याला प्रतिरोध तयार होत नाही. पाठीचा पसारा मोठा आणि हात पोचत नाही, म्हणून क्रीमपेक्षा वॉश सोयीचा. आंघोळीत लावायचा, दोन ते पाच मिनिटं ठेवायचा आणि नीट धुऊन टाकायचा. टॉवेल मात्र पांढराच घ्या. रंगीत टॉवेलवर आणि टीशर्टच्या पाठीवर फिकट नारिंगी डाग पडतात आणि ते काही केल्या निघत नाहीत. जोडीला रात्री छिद्रातलं बूच सुटायला मदत करणारं अ‍ॅडापलीन जेल लावतात, पण गरोदरपणात ते टाळतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. बहुतेकजण तिसऱ्या आठवड्यातच कंटाळतात, आणि औषध फुकट जातं ते तिथेच.

खोल, दुखऱ्या गाठी येत असतील तर घरगुती प्रयोग थांबवून त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. तिथे आयसोट्रेटिनॉइनचा विचार होतो. हे औषध तैलग्रंथीच आक्रसून टाकतं, पण गर्भात गंभीर व्यंग निर्माण करू शकतं. म्हणून ते घेताना आणि बंद केल्यावरही महिनाभर गर्भधारणा टाळावीच लागते. बाईला पाठीवरच्या मुरमांसोबत अनियमित पाळी आणि हनुवटीवर राठ केस असतील, तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणीही करून घ्यावी.

पाठीवरची गाठ फोडण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि फोडून द्यायला घरातलं कोणीतरी तयारच असतं. आपल्या सावळ्या कातडीवर काळा डाग राहतो, तो महिनोन्महिने जात नाही. छाती, खांदे आणि पाठीच्या वरच्या भागात तर केलॉइडचा धोका जास्त, म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणारा टणक व्रण. नुसता कापून काढला तर तो बऱ्याचदा पुन्हा येतो, कधी आधीपेक्षा मोठा. तो बसवायला डॉक्टर व्रणातच इंजेक्शन देतात, आणि गंमत म्हणजे ते असतं स्टिरॉइडचंच.