प्लग-इन हायब्रिड घेताय? आधी पार्किंगमधला सॉकेट बघा

‘हायब्रिड’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गाड्या येतात. इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड विटाराची स्ट्राँग हायब्रिड सॉकेटला जोडताच येत नाही. ती चालते शेवटी पेट्रोलवरच. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी मात्र साधारण १० ते २० युनिटांची असते आणि घरी चार्ज होते. रोजची ये-जा विजेवर, लांबचा पल्ला पेट्रोलवर.

पण रोज चार्ज केली तरच. युरोपात २०२१ साली नोंदलेल्या गाड्यांची रस्त्यावरची आकडेवारी युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये मांडली. प्लग-इन हायब्रिडचं कार्बन उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या साडेतीन पट निघालं, कारण चाचणीत धरलं होतं तेवढं अंतर विजेवर कापलंच जात नाही. रिकामी बॅटरी हे नुसतं ओझं आहे; खंबाटकीच्या चढावर ते इंजिनालाच ओढावं लागतं.

म्हणून स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर नेता येत नसेल, तर ही गाडी घेऊ नका. आणि लांबचा प्रवास वर्षातून दोन-चारदाच होत असेल, तर सरळ पूर्ण इलेक्ट्रिक घ्या. तिच्यावर जीएसटी ५ टक्के आहे, मोठ्या हायब्रिडवर ४०. हिरवी नंबर प्लेटही प्लग-इनला मिळत नाही.

घ्यायचीच ठरली, तर १५ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग एवढं हवंच. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. सैल सॉकेटमध्ये पिन तासन्‌तास तापते, भोवतीचं प्लास्टिक आधी तपकिरी होतं, मग वितळतं. असा डाग दिसला की त्याच दिवशी सॉकेट बदला. ७.४ किलोवॅटचा चार्जर मागण्याआधी गाडीचा ऑनबोर्ड चार्जर, म्हणजे गाडीच्या आतच बसवलेला चार्जर, किती घेतो ते बघा. तो ३.७ चा असेल, तर वरचे पैसे वाया जातात.

पॉइंटला सब-मीटर जरूर लावून घ्या. रोज ३५ किलोमीटर विजेवर चालवलं की साधारण ८ युनिट लागतात, म्हणजे २५ दिवसांचे २००. मीटर ६०च दाखवत असेल, तर गाडी पेट्रोलवरच चालली आहे.

टाकी मात्र कायम फुल्ल ठेवू नका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं की ओल धरतं. इंजिन ऑइल किलोमीटर कमी झाले तरी वर्षाला बदला. आणि गाडीतल्या नारिंगी, म्हणजे उच्च दाबाच्या केबलला घरच्या वायरमनला हात लावू देऊ नका.